सोसायटीचा हिरवा

मुंबईहून गाडी करून आलेल्या बाईंनी विचारलं,
नारोबा चितारींचा हिरवा काळ
नेमका कधी सुरू झाला?
मी म्हटलं, मच्छीमार सोसायटीत
निळ्याचे डबे यायचे बंद झाले तेव्हा.
बाईंनी लिहून घेतलं नाही.

माझं नाव इनास. उभादांड्यावर होड्या रंगवतो.
डब्याच्या तळाशी चिकटलेला रंग
मी मास्तरांसाठी खरवडून ठेवायचो.
ते बदल्यात शाळेतला खडू द्यायचे,
होडीच्या नाळेवर नाव आखायला.

वाडीला त्यांच्या घरात लाकडाची फळं व्हायची.
लाखेचा आंबा, लाखेचं सीताफळ.
सहाव्या वर्षी ते केळ्यावर काळे ठिपके देत,
आणि बाप म्हणे, पिकलेलं दिसू दे,
कुजलेलं नको.
तेवढी एकच शिकवण जन्माला पुरली, म्हणायचे.
कारण पुढे मुंबईच्या चित्रशाळेत
चार वर्षं प्लॅस्टरची नाकं काढण्यात गेली.
तिथल्या वाचनालयात एक फाटकं पुस्तक होतं,
फ्रान्सातल्या कुणाकुणाची चित्रं,
सगळी काळ्या-पांढऱ्यात छापलेली.
शेतं, टेकड्या, वाकडी झाडं.
रंग यांनी मनानेच भरले.
आता मन वेंगुर्ल्याकडचं,
तर रंग कुठले येणार?

प्रदर्शन एकच, एक्कावन्न साली.
दोन चित्रं खपली, त्यातलं एक
दाताच्या डॉक्टरने घेतलं, भिंतीची ओल झाकायला.
पेपरात एक ओळ आली:
'जांभळी जमीन पाहून करमणूक झाली.'
ते कात्रण त्यांनी पेटीत ठेवलं होतं,
रागाने नाही. ती ओळ त्यांना आवडायची.

मग तीस वर्षं ड्रॉइंग मास्तर.
फळ्यावर कपबशी, पान, फूल.
तपासनीस म्हणाले, मुलांना खरे रंग शिकवा.
दुसऱ्या दिवशी अख्खा वर्ग बंदरावर,
पाण्यात रंग किती ते मोजायला.
तांडेलाच्या पोराने अकरा सांगितले.
पैकीच्या पैकी.

शाळा सुटली की दाभोलीचा सडा.
शिडाचं जुनं कापड माशांच्या खोक्यांच्या फळ्यांवर ताणलेलं,
हातात सुरी, जिने शेवंतीकाकी सकाळी सुरमई कापायची.
आभाळ ते कौलं शाकारावीत तसं घालायचे,
पट्ट्यावर अर्धा पट्टा चढवत, खालून वर.
वाळायला महिना लागे.
काकी म्हणायची, आमटीक टर्पेंटाइनचो वास येता.
येतही असेल. मी तिथे जेवलोय.

एकदा न राहवून विचारलं,
"मास्तरानू, सडो असो जांभळो असता काय?"
सुरी पुसत म्हणाले,
"इनास, ह्या दगडाक जांभो नाव कोणी दिल्यान?
तुझ्या आज्यान बघल्यान हुतो.
तू इसारलंस."

मग ती हिरवी चार वर्षं.
खाडी हिरवी, सडा हिरवा, गाबताचा बैलसुद्धा.
त्यानंतर हात कापायला लागला,
फटकारे तोकडे झाले, तांदूळ सांडल्यासारखे.
बाई म्हणाल्या, ही त्यांची परिपक्व शैली.
असेल. बटणं लावायला काकी लागायची.

पुतण्याकडून बाईंनी अकरा चित्रं घेतली.
बारावं माझ्याकडे आहे, जाळ्यांच्या खोलीत.
डावा कोपरा कोरा राहिलाय,
शिडाची शिवण तशीच दिसते.
ते मी दाखवलं नाही. का, ते मलाही सांगता येत नाही.

संध्याकाळी त्यांना सड्यावर नेलं.
गवत वाळलेलं, खाली समुद्राला ओहोटी.
फोनवर त्यांनी चार फोटो काढले, म्हणाल्या,
पण हा तर लालच आहे हो.
मी म्हटलं, थांबा जरा.
त्यांना साडेसहाची गाडी गाठायची होती.